हिपॅटायटिस बी-सी आणि लिव्हरवरचे व्रण : घरातल्या रिपोर्टमधले चार आकडे काय सांगतात?



आपल्या पांढुर्णा-सौसर भागात रक्तदान शिबिरे नेहमी होतात. गणेशोत्सवात, जयंतीला, पुण्यतिथीला तरुण मंडळी हौसेने रक्त देतात. दिलेल्या प्रत्येक पिशवीची पाच आजारांसाठी तपासणी होते : एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गुप्तरोग (सिफिलिस) आणि मलेरिया. त्यानंतर एखाद्या दात्याला रक्तपेढीतून फोन येतो, "एकदा येऊन भेटा." एखाद्या सुनेच्या गरोदरपणातल्या तपासणीत 'एचबीएसएजी पॉझिटिव्ह' असे लिहून येते. ऑपरेशनच्या आधी केलेल्या तपासणीतही कुणाकुणाला हे पहिल्यांदाच कळते.

पुढे काय होते ते आपण सगळेच पाहतो. माणूस धडधाकट असतो. डोळे पिवळे नसतात, जेवण व्यवस्थित असते, शेतीचे काम चालू असते. मग तो कागद फाईलमध्ये जातो आणि फाईल कपाटात. घरात कुणाला सांगितले जात नाही, कारण मुलामुलीच्या लग्नात अडचण येईल ही भीती. दहा-पंधरा वर्षांनी पोटात पाणी होते किंवा रक्ताची उलटी होते, आणि तेव्हा नागपूरला धावपळ सुरू होते.

मधली ही दहा-पंधरा वर्षे वाया जाऊ नयेत म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत. लिव्हरवर किती व्रण पडले आहेत याचा पहिला अंदाज घेण्यासाठी आता पोटात सुई घालावी लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणी होणाऱ्या दोन साध्या रक्त तपासण्या आणि माणसाचे वय एवढ्यावर हा अंदाज करता येतो. तो कसा करतात, त्यावर किती भरवसा ठेवायचा आणि कोणत्या वेळी अजिबात ठेवायचा नाही, हे आपण क्रमाने पाहू.

कावीळ वेगळी, जुना हिपॅटायटिस वेगळा

आपल्याकडे लिव्हरचा आजार म्हटला की कावीळ आठवते. पावसाळ्यात खराब पाण्यामुळे येणारी कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए किंवा ई विषाणूची असते. डोळे पिवळे होतात, भूक जाते, आणि बहुतेक माणसे काही आठवड्यांत आपोआप बरी होतात. ती बरी होतात म्हणूनच गावोगावी कावीळ उतरवणाऱ्यांचे नाव होते. मात्र गरोदर बाईला हिपॅटायटिस ई झाला तर तो जिवावर बेतू शकतो. अशा वेळी झाडपाल्यात एक दिवसही घालवू नये.

हिपॅटायटिस बी आणि सी हे रक्तातून पसरणारे विषाणू आहेत. शरीरात शिरल्यावर ते वर्षानुवर्षे लिव्हरमध्ये राहू शकतात. सहा महिन्यांहून जास्त काळ राहिले की त्याला जुना किंवा क्रॉनिक हिपॅटायटिस म्हणतात. हिपॅटायटिस बीची लागण जन्माच्या वेळी किंवा तान्हेपणी झाली तर सुमारे ९० टक्के मुलांमध्ये तो कायमचा राहतो. मोठ्या माणसाला झाला तर हेच प्रमाण पाच टक्क्यांहून कमी असते. म्हणून आज चाळिशी-पन्नाशीत 'पॉझिटिव्ह' निघालेल्या अनेकांना तो लहानपणीच लागलेला असू शकतो. त्याचा त्यांच्या चालचलनाशी संबंध लावणे चूक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात २०२२ सालचे अंदाज दिले आहेत. त्यानुसार भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बी आणि सुमारे ५५ लाख लोकांना हिपॅटायटिस सी होता. त्यातल्या बहुसंख्य लोकांना आपल्याला हा आजार आहे हेच माहीत नसते, कारण जुना हिपॅटायटिस बहुतेकदा डोळे पिवळे करत नाही. तो गुपचूप व्रण पाडत राहतो.

व्रण म्हणजे काय?

हाताला कोयता लागला तर जखम भरते आणि मागे पांढरा कडक वण राहतो. लिव्हरमध्येही तसेच होते. विषाणूमुळे पेशी मरतात, शरीर ती जागा भरून काढते, पण भरताना चिवट धाग्यांसारखे तंतू तयार होतात. एक जखम झाली तर लिव्हर सावरते. वीस वर्षे रोज थोडी थोडी जखम होत राहिली तर त्या धाग्यांचे जाळे होते. यालाच डॉक्टर फायब्रोसिस म्हणतात.

त्याच्या पायऱ्या शून्य ते चार अशा मोजतात. शून्य म्हणजे व्रण नाहीत. एक म्हणजे थोडे. दोन म्हणजे लक्ष द्यावे इतके. तीन म्हणजे बरेच पसरलेले. चार म्हणजे सिरॉसिस, यात लिव्हर आक्रसून गाठीगाठींचे आणि कडक होते. सिरॉसिस झाल्यावरही काही वर्षे माणसाला त्रास जाणवत नाही. लिव्हरची राखीव ताकद एवढी मोठी असते की ते निम्म्या जोरावरही काम ओढून नेते. त्यामुळे "मला काही होत नाही" यावरून लिव्हर चांगले आहे असे ठरवता येत नाही.

व्रणाची पायरी कळण्याला महत्त्व आहे. औषध कधी सुरू करायचे, कोणते द्यायचे आणि पुढे आयुष्यभर सोनोग्राफी करत राहायची की नाही, हे त्यावर ठरते.

आधी तुकडा काढत, आता आकडे पाहतात

पूर्वी पायरी कळण्याचा खात्रीचा मार्ग एकच होता, तो म्हणजे बायोप्सी. बरगड्यांमधून लांब सुई घालून लिव्हरचा बारीक तुकडा काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. त्यासाठी मोठे रुग्णालय लागते, दुखते आणि क्वचित आत रक्तस्रावही होतो. शिवाय तो तुकडा संपूर्ण लिव्हरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढाच असतो. पोत्याच्या एका कोपऱ्यातून मूठभर गहू काढून सगळ्या पोत्याची परीक्षा करावी तसा हा प्रकार. दर वर्षी पुन्हा बायोप्सी करणे तर शक्यच नाही.

म्हणून डॉक्टरांनी नेहमीच्या रक्त तपासणीतले आकडे जोडून पाहिले. २००३ साली अमेरिकेत मिशिगन येथील डॉक्टरांनी 'एप्री' नावाचे गणित मांडले. २००६ साली 'फिब-४' आले. या दोन्हींना पेटंटचे यंत्र लागत नाही की महागडे रसायन लागत नाही. आपल्या देशाच्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातही रुग्णाला सिरॉसिस असू शकतो का, हे ठरवताना हीच गणिते वापरतात.

चार आकडे कुठे सापडतात?

दोन रिपोर्ट हाताशी घ्यावेत, सीबीसी आणि एलएफटी. दोन्ही एकाच दिवशी घेतलेल्या रक्ताचे असले तर उत्तम. त्यातून हे घ्यायचे :

१. वय, पूर्ण वर्षांत.

२. एसजीओटी. काही रिपोर्टवर याला एएसटी लिहिलेले असते.

३. एसजीपीटी, म्हणजेच एएलटी.

४. प्लेटलेट. इथे एक अडचण असते. आपल्याकडच्या लॅब प्लेटलेट लाखांत लिहितात, उदाहरणार्थ २.१० लाख. गणितात मात्र तो आकडा हजारांत घ्यायचा, म्हणजे २१०. रिपोर्टवर १,७०,००० असेल तर १७० घ्यायचे. हे चुकले तर उत्तर शंभर पटीने किंवा हजार पटीने बदलते.

फिब-४ चे गणित असे : वय गुणिले एसजीओटी हे वर. प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ हे खाली. वरच्याला खालच्याने भागायचे. वर्गमूळाचे बटण मोबाईलच्या कॅल्क्युलेटरमध्ये असते.

एप्रीचे गणित असे : एसजीओटीला लॅबच्या कमाल मर्यादेने भागायचे, आलेल्या उत्तराला १०० ने गुणायचे आणि प्लेटलेटने भागायचे. कमाल मर्यादा रिपोर्टवर बाजूलाच छापलेली असते. ती पुष्कळदा ४० असते, पण आपल्या रिपोर्टवर जी असेल तीच घ्यावी.

याच चार गोष्टी का, असा प्रश्न पडेल. एसजीओटी आणि एसजीपीटी ही लिव्हरच्या पेशींमधली द्रव्ये आहेत. पेशी फुटल्या की ती रक्तात येतात. सुरुवातीच्या काळात एसजीपीटी जास्त असते. व्रण वाढत गेले की एसजीओटी त्याच्या बरोबरीला येते किंवा पुढे जाते. लिव्हर कडक झाले की त्यातून जाणारे रक्त अडते आणि प्लिहा, म्हणजे पानथरी, फुगते. फुगलेली प्लिहा प्लेटलेट अडवून ठेवते. प्लेटलेट तयार करण्याचा हुकूम देणारे द्रव्यही लिव्हरमध्येच बनते, तेही कमी पडते. त्यामुळे प्लेटलेट हळूहळू उतरतात. आणि वय जितके जास्त, तितकी विषाणूला व्रण पाडायला जास्त वर्षे मिळालेली असतात.

तीन उदाहरणे

ही उदाहरणे आम्ही समजावण्यासाठी तयार केली आहेत, कुणा व्यक्तीची नाहीत. तिन्हींत एसजीओटीची कमाल मर्यादा ४० धरली आहे.

पहिले : वय ४२, एसजीओटी ३८, एसजीपीटी ४९, प्लेटलेट २.१० लाख. वर ४२ गुणिले ३८ म्हणजे १५९६. खाली २१० गुणिले ७ म्हणजे १४७०. फिब-४ आले १.०९. एप्री आले ०.४५. दोन्ही आकडे खालच्या बाजूला आहेत.

दुसरे : वय ५०, एसजीओटी ६०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १.७० लाख. वर ३०००, खाली १७० गुणिले ८ म्हणजे १३६०. फिब-४ आले २.२१ आणि एप्री ०.८८. हा माणूस मधल्या पट्ट्यात आहे.

तिसरे : वय ५८, एसजीओटी ८४, एसजीपीटी ६४, प्लेटलेट ९८ हजार. वर ४८७२, खाली ७८४. फिब-४ आले ६.२१ आणि एप्री २.१४. इथे वेळ घालवण्यात अर्थ नाही, लिव्हरच्या डॉक्टरांना लगेच दाखवावे.

या तिसऱ्या माणसाच्या रिपोर्टमध्ये एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. एसजीओटी ८४ हा आकडा फार भयंकर वाटत नाही. साध्या काविळीत तो हजारावर जातो. "थोडे वाढले आहे, होईल कमी" असे म्हणून असा रिपोर्ट सहज बाजूला पडतो. पण घटलेल्या प्लेटलेट आणि वय त्याच्या शेजारी ठेवले की चित्र एकदम बदलते. एकेकटा आकडा जे सांगत नाही ते चार आकडे मिळून सांगतात, हाच या गणिताचा उपयोग.

आलेल्या आकड्याचा अर्थ

फिब-४ च्या २००६ च्या मूळ अभ्यासात हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही दोन्ही असलेले रुग्ण होते. त्यात १.४५ च्या खाली आलेल्या दहापैकी नऊ जणांना गंभीर व्रण नव्हते. ३.२५ च्या वर आलेल्या तिघांपैकी साधारण दोघांना ते होते. म्हणजे "मोठे नुकसान नसावे" हे सांगायला हे गणित चांगले आहे. "नुकसान आहेच" हे सांगायला ते तितके पक्के नाही. वरचा आकडा आला म्हणून सिरॉसिस झालाच असे समजून घाबरू नये, पण पुढची तपासणी टाळूही नये. मधल्या पट्ट्यात आलेल्यांबाबत हे गणित काहीच ठरवत नाही. त्यांना दुसरी तपासणी करावीच लागते.

हिपॅटायटिस सी साठी राष्ट्रीय कार्यक्रमात एप्री २ किंवा त्याहून जास्त, अथवा फिब-४ ३.२५ हून जास्त असेल तर सिरॉसिसची शक्यता धरून औषधयोजना ठरवतात. सिरॉसिस नसलेल्याला सोफोसबुविर आणि डॅक्लाटास्विर या गोळ्या १२ आठवडे देतात. सिरॉसिस असेल तर गोळ्यांची जोडी बदलते. हिपॅटायटिस सी या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त लोकांमध्ये पूर्ण बरा होतो. हे आपल्या लोकांना अजून पुरेसे माहीत नाही.

हिपॅटायटिस बी साठी जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२४ मध्ये नियम सैल केले. आता एप्री ०.५ हून जास्त असेल तरी उपचार सुरू करण्याची शिफारस आहे, आणि १ हून जास्त असेल तर सिरॉसिसची शक्यता धरतात. आधीच्या नियमात सिरॉसिससाठी हीच रेषा २ वर होती. म्हणजे पाच-सात वर्षांपूर्वी ज्यांना "सध्या औषधाची गरज नाही, बघू" असे सांगितले गेले, त्यांच्यापैकी काही जण आजच्या नियमाने औषधाला पात्र ठरू शकतात. वरच्या दुसऱ्या उदाहरणातला माणूस हिपॅटायटिस बीचा असेल तर तो याच गटात येतो. जुनी फाईल पुन्हा उघडण्याचे हे सगळ्यात मोठे कारण आहे.

एक खबरदारी मात्र हवी. हिपॅटायटिस बी मध्ये फक्त व्रणांवर निर्णय होत नाही. रक्तातला विषाणू, ज्याला व्हायरल लोड म्हणतात, एसजीपीटी आणि घरात कुणाला लिव्हरचा कॅन्सर होता का, हेही पाहतात. त्यामुळे आकडा कमी आला तरी डॉक्टरांकडे जाणे बंद करू नये.

आकडा कधी फसवतो?

हा भाग कृपया सावकाश वाचावा, कारण आपल्या भागात फसण्याची कारणे बरीच आहेत.

डेंग्यू आणि मलेरिया : पोळ्यापासून दिवाळीपर्यंत तापाचे दिवस असतात. डेंग्यूत प्लेटलेट घसरतात आणि एसजीओटी चढते. पहिल्या उदाहरणातल्या त्याच ४२ वर्षांच्या माणसाला डेंग्यू झाला आणि एसजीओटी १५०, एसजीपीटी १००, प्लेटलेट ६० हजार झाल्या, तर फिब-४ येते १०.५. त्याचे लिव्हर चार दिवसांत कडक झालेले नाही, फक्त रिपोर्ट तापातला आहे. ताप उतरून महिना-दीड महिना गेल्यावर पुन्हा रक्त तपासावे आणि मगच गणित करावे.

चालू कावीळ : काविळीत एसजीओटी-एसजीपीटी शेकड्यांत, हजारांत असतात. तेव्हाचे गणित निरर्थक असते.

सिकलसेल : विदर्भात आणि आपल्या छिंदवाडा भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान आपल्याच राज्यात, शहडोल येथून सुरू झाले. सिकलसेलमध्ये लाल पेशी फुटत राहतात आणि त्यांच्यातूनही एसजीओटी रक्तात येते. त्यामुळे लिव्हर ठीक असूनही आकडा फुगू शकतो. दुसरीकडे याच रुग्णांना वारंवार रक्त चढवावे लागते, म्हणजे त्यांना हिपॅटायटिसचा धोकाही जास्त असतो. तेव्हा त्यांची तपासणी नक्की करावी, पण आकड्याचा अर्थ डॉक्टरांनीच लावावा.

दारू : मोहाची असो की दुकानातली, दारूने एसजीओटी वाढते. आकडाही वाढतो आणि खरे व्रणही वाढतात. डॉक्टरांपासून हे लपवले तर नुकसान आपलेच होते.

वय : पस्तिशीच्या आतल्या तरुणांत फिब-४ फारसे विश्वासाचे नाही. पासष्टीच्या पुढे तर नुसत्या वयामुळेच आकडा वर जातो. घरातल्या आजोबांचे फिब-४ १.८ आले म्हणून घर डोक्यावर घेऊ नये.

आणखी एक महत्त्वाचे : हे गणित विषाणू आहे की नाही ते सांगत नाही. त्यासाठी हिपॅटायटिस बीची एचबीएसएजी आणि हिपॅटायटिस सीची अँटीबॉडी तपासणी आधी करावी लागते. सीची अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली तरी विषाणू आज शरीरात आहेच असे नाही. काहींच्या शरीराने तो स्वतःच काढून टाकलेला असतो. म्हणून पुढे व्हायरल लोडची तपासणी करतात.

पुढची पायरी : फायब्रोस्कॅन

मधल्या किंवा वरच्या आकड्यानंतर डॉक्टर बहुधा फायब्रोस्कॅन सांगतात. सोनोग्राफीसारखे एक यंत्र बरगड्यांवर ठेवून हलकी टिचकी मारल्यासारखी कंपने आत पाठवतात. पिकलेल्या आणि कच्च्या फळावर बोट आपटले तर वेगळे जाणवते, तसेच कडक लिव्हरमधून ही लाट वेगाने जाते आणि मऊ लिव्हरमधून सावकाश. पाच-दहा मिनिटांचे काम आहे, दुखत नाही, भरती व्हावे लागत नाही. किमान तीन तास आधी काही खाऊ नये, नाहीतर आकडा वाढून येतो. उत्तर किलोपास्कलमध्ये मिळते. हिपॅटायटिस बी मध्ये ७ च्या वर म्हणजे लक्ष देण्याजोगे व्रण आणि १२.५ च्या वर म्हणजे सिरॉसिसची शक्यता, अशा रेषा जागतिक आरोग्य संघटनेने दिल्या आहेत.

फायब्रोटेस्ट आणि ईएलएफ नावाच्या वेगळ्या रक्त तपासण्याही आहेत. रक्तातली वेगळी द्रव्ये त्या मोजतात. त्या महाग असतात आणि रक्त दूरच्या लॅबमध्ये पाठवावे लागते. बहुतेकांना आधी साधे गणित आणि मग फायब्रोस्कॅन एवढे पुरते. बायोप्सी आजही होते, पण ज्यांचे उत्तर इतर मार्गांनी मिळत नाही त्यांच्यासाठी.

आपल्या भागातून कुठे जावे?

राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी, जागतिक हिपॅटायटिस दिनी सुरू झाला. त्यात हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी व औषधे मोफत आहेत. उपचार केंद्रे जिल्हा रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालये यांत असतात. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर तहसील मिळून आपला वेगळा जिल्हा झाला, तरी पुष्कळ कामांसाठी आपण अजून छिंदवाड्याला जातो. म्हणून जाण्याआधी आपल्या सरकारी दवाखान्यात, "हिपॅटायटिस कार्यक्रमाची औषधे सध्या कुठून मिळतात?" हे विचारून घ्यावे.

सावनेरमार्गे नागपूर आपल्याला सोयीचे पडते आणि बहुतेक घरांचे कुणी ना कुणी तिथे असतेच. तिथे मेडिकल, मेयो आणि मिहानमधले एम्स ही सरकारी रुग्णालये आहेत. फायब्रोस्कॅन कुठे आणि कोणत्या दिवशी होते ते फोन करून विचारूनच निघावे. आपण मध्य प्रदेशचे रहिवासी असल्याने महाराष्ट्राच्या राज्य योजनेचा लाभ मिळेल असे धरून चालू नये. आयुष्मान कार्ड मात्र दुसऱ्या राज्यातल्या संलग्न रुग्णालयातही चालते. भरती होण्याची वेळ आली तर ते सोबत असावे. जाताना जुन्यात जुना रिपोर्टही न्यावा. पाच वर्षांत प्लेटलेट २.२० लाखांवरून १.४० लाखांवर आल्या असतील तर डॉक्टरांना ती उतरंड आजच्या एका आकड्यापेक्षा जास्त सांगून जाते.

घरच्यांनी काय करावे?

एकत्र जेवल्याने, एका ताटात खाल्ल्याने, मिठी मारल्याने हिपॅटायटिस बी-सी पसरत नाही. सुनेचे ताट-वाटी वेगळे करण्याला कसलाही आधार नाही. तो रक्तातून, आईकडून बाळाला आणि शरीरसंबंधातून पसरतो. २००९ मध्ये गुजरातमधल्या मोडासा भागात वापरलेल्या सुया-सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस बीची मोठी साथ आली होती. म्हणून दवाखान्यात सुई नवीन पाकिटातून काढायला सांगावे. जत्रेत गोंदवताना, कटिंगच्या दुकानात ब्लेड लावताना, गोटमारीच्या दिवशी जखम शिवून घेतानाही हाच आग्रह धरावा. ब्रश, रेझर, नेलकटर प्रत्येकाचे वेगळे असावे.

घरात एक जण हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह असेल तर बाकी सगळ्यांनी तपासणी करावी. जे निगेटिव्ह असतील त्यांनी लस घ्यावी. तिचे तीन डोस असतात : पहिला आज, दुसरा एका महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी. सरकारी लसीकरणात ही लस देशभर २०११ मध्ये आली. त्याआधी जन्मलेल्या बहुतेकांना ती मिळालेली नाही, म्हणजे आजची लग्नाच्या वयाची मुले-मुली त्यातच आली. मुलाचा किंवा मुलीचा जोडीदार पॉझिटिव्ह असेल तर लग्न मोडण्याचे कारण नाही. दुसऱ्याने तपासणी करून लस घ्यावी, एवढे पुरते. पॉझिटिव्ह आईच्या बाळाला जन्मल्यावर २४ तासांच्या आत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन द्यायचे असते. त्यामुळे बाळंतपण रुग्णालयातच करावे आणि डॉक्टरांना आधी सांगून ठेवावे.

हिपॅटायटिस सीची लस नाही. देशातल्या रक्तपेढ्यांत सीची तपासणी २००१-०२ च्या सुमारास सक्तीची झाली. त्याआधी ज्यांना बाळंतपणात, ऑपरेशनमध्ये किंवा अपघातात रक्त चढवले होते, त्यांनी एकदा तरी ही तपासणी करून घ्यावी. आपल्या घरातल्या साठीच्या आसपासच्या आया-आत्या-मावश्या यात प्रामुख्याने येतात, आणि त्या स्वतःहून कधी सांगत नाहीत. त्यांना विचारावे लागते.

औषध सुरू झाल्यावर किंवा सी बरा झाल्यावरही एक गोष्ट लक्षात असू द्यावी. विषाणू शांत झाला की एसजीओटी उतरते, त्यामुळे फिब-४ आणि एप्रीही लगेच उतरतात. त्यावरून जुने व्रण गेले असे समजू नये. व्रण भरून यायला वर्षे लागतात. ज्यांना सिरॉसिस झालेला होता त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवावी, कारण कॅन्सरची गाठ लहान असताना सापडली तर उपाय होतो. हिपॅटायटिस बीच्या गोळ्या तर डॉक्टरांना न विचारता कधीही बंद करू नयेत. अचानक थांबवल्या तर विषाणू उसळून येतो.

आमची सर्व कुटुंबांना विनंती आहे की येत्या रविवारी घरातल्या रिपोर्टच्या फाईली एकदा बाहेर काढाव्यात. 'एचबीएसएजी' किंवा 'एचसीव्ही' या शब्दांपुढे कुणाच्या नावावर पॉझिटिव्ह लिहिले आहे का, ते पाहावे. असेल तर सीबीसी आणि एलएफटी नव्याने करून घ्यावे, चार आकडे एका कागदावर मांडावेत आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे. गणित घरी केले तरी निर्णय डॉक्टरांचाच. आणि ज्याचे नाव त्या कागदावर आहे त्याला घरच्यांनी धीर द्यावा, त्याच्यासोबत दवाखान्यात जावे आणि ही गोष्ट चारचौघांत बोलू नये.

आपल्या मंडळाच्या पुढच्या रक्तदान शिबिरात ज्या दात्याला रक्तपेढीतून बोलावणे येईल, त्याने कृपया नक्की जावे.